अर्घ्याला न वाजणारा बझर

राजा घाटाच्या खालच्या पायऱ्या गेल्या आठवड्यातच दिसेनाशा झाल्या. आज सकाळी जाऊन पाहिलं, तर घाटावरच्या पुरोहितांनी आपापल्या बसायच्या लाकडी चौक्या आणि वेताच्या छत्र्या अजून वर आणल्या होत्या, नावा वरच्या कड्यांना बांधून पडल्या होत्या, आणि ओली माती, कुजका झेंडू आणि डिझेल यांचा मिळून तो वास सुटला होता, जो मला डोळे मिटूनही भाद्रपद सांगतो. काशीतली आम्ही मराठी माणसं याला पूर म्हणत नाही. आमच्या घरात शब्द आहे बाढ. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून काही हिंदी शब्द घरात शिरले ते कायमचे राहिले. कुणी विचारतं, 'बाढ कुठवर आली गं?' आणि आम्ही शुद्ध मराठीत उत्तर देतो, 'दोन सीढ्या राहिल्या.'

बाढीबरोबर या शहरात आणखी एक गोष्ट येते, आणि ती आली की माझा पारा चढतो. शाळांची विज्ञान प्रदर्शनं. चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांबाहेर प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली प्रोजेक्टं टांगलेली दिसायला लागतात. भूकंपाची सूचना देणारं घर, आपोआप उघडणारा पूल, थर्माकोलचं स्मार्ट शहर. वर पाटी असते: 'साइंस प्रोजेक्ट तैयार मिलते हैं.' काल शेजारच्या मिश्रांच्या सुनेने मला गल्लीत गाठलं. "बुआजी, आप तो फिजिक्स पढ़ाती थीं. बताइए न, बबुआ के लिए अच्छा वाला प्रोजेक्ट कहाँ मिलेगा?"

मी म्हटलं, "मिलेगा नहीं, बनेगा. शाम को भेज दीजिए, मैं सिखा दूँगी."

ती मनापासून हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं. "अरे बुआजी, परसों जमा करना है," असं म्हणून ती पुढे गेली आणि मी हातातली भाजीची पिशवी घेऊन तिथेच धुमसत उभी राहिले.

तिचा राग नाही येत मला. ती शहाणी बाई आहे, जगात काय चालतं ते बघून वागते. तिच्या मुलाचा, त्या बबुआचाही येत नाही, त्याला विचारतंय कोण? राग येतो तो बक्षिसं वाटणाऱ्यांचा. वाऱ्यासारखे प्रदर्शनात शिरतात, प्रत्येक टेबलापाशी जेमतेम उभे राहतात, जिथे जास्त दिवे लुकलुकतात तिथे 'वाह' म्हणतात आणि चहाकडे वळतात. साठी कधीच ओलांडली, ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणतात चिडत जाऊ नका. मी म्हणते, डॉक्टर, तुम्ही एकदा माझ्याबरोबर प्रदर्शनाला या.

हा राग जुना आहे, आणि ज्या वर्षी तो मनात बसला ते वर्ष केतकीचं होतं. केतकी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, माधवची मुलगी. तेव्हा दहावीत होती. मी मुलींच्या इंटर कॉलेजातून नुकतीच निवृत्त झाले होते. माधव बँकेत, आणि आमचे वडील आप्पा, ऐंशीच्या घरातले, अजूनही रोज सकाळी ओसरीवर दोन-तीन विद्यार्थ्यांना वेद शिकवत. केतकीच्या डोक्यात एकच होतं. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा. माधवच्या मनात घराजवळचं मुलींचं कॉलेज होतं, कॉमर्स, आणि मग यथावकाश बाकीचं सगळं. वाईट बाप नव्हता तो. पण एखादी गोष्ट चार लोकांनी चांगली म्हटली की मगच त्याला चांगली दिसे. त्याने अट घातली. जिल्ह्याच्या प्रदर्शनात तिचं प्रोजेक्ट निवडलं गेलं तर पॉलिटेक्निक, नाही तर पुन्हा हट्ट करायचा नाही. केतकीने मान डोलावली. पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या आयुष्याचा सौदा करायला लावलाय, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मी त्याला तोंडावर बोलले तेव्हा म्हणाला, "ताई, प्रेरणा मिळते अशाने." प्रेरणा!

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सुरुवात केली. बाहेर भाजून काढणारी लू चालायची, गल्लीत कुत्रंही नसायचं, आणि आप्पांचे विद्यार्थी गेले की दुपारी त्याच ओसरीवर मी आणि केतकी चटई टाकून बसायचो. मध्ये तळहाताएवढा निळा बोर्ड, त्यावर ती काळी चिप, मायक्रोकंट्रोलर. शेजारी डब्यात वायरी, छोटे दिवे, बटणं. घरातल्या काहींनी नाकं मुरडली. वेद म्हणायच्या जागी हे काय मांडलंय? आप्पा झोपाळ्यावर पडून होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "ती काय करते ते बघू दे मला. तुम्ही आत जा."

आप्पांचं शिकवणं मी लहानपणापासून ऐकत आले. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मंत्र नुसता पाठ करत नाहीत. आधी एकेक पद सुटं म्हणायचं. मग क्रम: पहिलं आणि दुसरं, दुसरं आणि तिसरं, तिसरं आणि चौथं. म्हणजे पुढचं पाऊल टाकताना मागचं दर वेळी पुन्हा हातात घ्यायचं. त्यापुढे जटा, घन, अशा आणखी अवघड विणी. पहिला टप्पा कच्चा असेल तर आप्पा पुढच्याचं नावही काढू देत नसत. बोटाने जमिनीवर टकटक करायचे, एवढंच. टकटक झाली की विद्यार्थी निमूट मागे जायचा. लहानपणी मला ती टकटक फार जाचक वाटायची. पुढे वर्गात तीस वर्षं शिकवताना कळलं, की शिकवण्याची इतकी प्रामाणिक पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिलीच नाही.

मी स्वतः फिजिक्स कशी शिकले ते आठवलं तरी आजही तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या प्रयोगशाळेत उपकरणं काचेच्या कपाटात असत आणि कपाटाला कुलूप. 'सामान खराब हो जाएगा.' परीक्षेच्या दिवशी ती बाहेर निघत, आम्ही लांबून बघत असू, आणि रीडिंगं आधीच्या वर्षीच्या मुलींकडून आलेली असत. उत्तर आधी, प्रयोग नंतर. अशा शिक्षणातून बाहेर पडलेलीच माणसं पुढे परीक्षक होतात, म्हणून मग आश्चर्य तरी कशाचं करायचं?

तर केतकीला मी आप्पांच्या चालीने शिकवायचं ठरवलं. पहिला धडा: एक दिवा लावायचा, विझवायचा, पुन्हा लावायचा. बस. पहिला दिवा तिने रेझिस्टर न लावता जोडला आणि तो क्षणभर लख्ख पेटून मेला. केतकी दचकली. "आत्या, मर गया!" मी म्हटलं, "मरू दे, आता सांग का मेला." रेझिस्टर विजेला आवर घालतो, हे तिला त्या मेलेल्या दिव्याने शिकवलं, मला तोंड उघडावं लागलं नाही. दुसरा धडा बटणाचा. बटण एकदा दाबलं की दिवा लागायला हवा, पुन्हा दाबलं की विझायला. पण तो कधी लागे, कधी लागून लगेच विझे, आणि केतकी रडकुंडीला आली. मी तिला बटण खोलून दाखवलं. आतली पत्र्याची पट्टी दाबल्यावर एकदाच टेकत नाही, थरथरते, आणि त्या थरथरीला चिप भोळेपणाने अनेक वेळा दाबलं असं समजते. म्हणून चिपला सांगावं लागतं: पहिल्या खुणेवर विश्वास ठेवू नको, थोडं थांब, पुन्हा बघ, अजूनही दाबलेलंच असेल तर मान. केतकीने ते लिहिलं आणि दिवा शहाण्यासारखा वागायला लागला. झोपाळ्यावरून आप्पांनी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "आप्पा, याला रुकना शिकवलं." आप्पा बराच वेळ हसत होते.

तिसऱ्या धड्यात बझर, म्हणजे पीं पीं वाजणारी ती काळी डबी. चौथ्यात पाणी ओळखायचं. दोन तांब्याच्या तारा जवळजवळ ठेवायच्या, मध्ये पाणी आलं की त्यांतून बारीक वीज वाहते आणि चिपला कळतं. आणि प्रत्येक नव्या धड्याच्या आधी मागचा पुन्हा जोडायचा, नव्याने, सगळ्या वायरी काढून. केतकी कुरकुरायची. "आत्या, हे तर येतं मला!" मी बोटाने जमिनीवर टकटक करायची. आप्पांनी डोळे न उघडता तिकडून टकटक केली की आम्ही दोघीही हसायचो.

तिच्या प्रोजेक्टची कल्पना घाटावरच मिळाली. आमच्या घाटाच्या खालच्या पायरीवर लल्लन गुरूंची चौकी असे. यात्रेकरूंना संकल्प सांगणारे, गंध लावणारे, जाड आवाजाचे गृहस्थ. आदल्या वर्षीच्या बाढीत पहाटे पाणी एकदम वाढलं आणि त्यांची वडिलोपार्जित शिसवी चौकी वाहून गेली. दगडाशी साखळीने बांधलेली होती, तरी गेली. केतकीला ते विसरता येत नव्हतं. ती म्हणाली, पायरीवर बांबू रोवायचा, खाली तांब्याच्या दोन तारा, वर तुपाच्या रिकाम्या डब्यात बोर्ड, बॅटरी आणि बझर. पाणी तारांना लागलं की बझर वाजेल. मग बांबू वरच्या पायरीवर न्यायचा. इतकं साधं. श्रावण संपता संपता बांबू उभा राहिला. लल्लन गुरूंनी लांबून निरखून विचारलं, "ई का ह बिटिया?" तिने समजावून सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, पहरेदार ह!" आणि आपली नवी चौकी त्याच्या शेजारी आणून टाकली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बझर वाजायला लागला. आम्ही धावत घाटावर गेलो. पाणी तर दोन पायऱ्या खाली होतं. बांबूच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला, झेंडूची माळ, उदबत्ती, आणि एक म्हातारी हात जोडून लोट्याने त्यावर गंगाजल सोडत होती. तिच्या मागे आणखी बायका लोटे घेऊन रांगेत. आता काशीतल्या घाटावर, नदीच्या काठी, खाली तांबं बसवलेला सरळ उभा खांब रात्रीतून उगवला तर लोक दुसरं काय करणार? केतकीने कपाळाला हात लावला. प्रत्येक लोट्याला बझर केकाटत होता, आणि तो केकाटला की बायकांची भक्ती अधिकच वाढत होती. "देखा, बोलत हैं!" म्हातारी मागच्या बाईला म्हणाली.

चार दिवस हेच चाललं तेव्हा लल्लन गुरू वैतागले. "बिटिया, तोहार पहरेदार त रोज सबेरे चिल्लात ह. असली बाढ़ आई त हम कइसे जानब?" प्रश्न अगदी बरोबर होता. माधव म्हणाला, एक पाटी लाव, इथे पाणी घालू नये. मी म्हटलं, काशीत? गंगेच्या काठी उभ्या माणसाला 'पाणी घालू नका' म्हणणारी पाटी? केतकी मात्र पायरीवर बसून त्या बायकांकडे बघत होती. मग उठून घरी आली. ओसरीवर बसली, डब्यातून बटण काढलं, आणि दुसरा धडा पुन्हा पहिल्यापासून जोडायला लागली. तिचं तिलाच सापडत होतं. लोट्याचं पाणी म्हणजे बटणाची थरथर. येतं आणि ओघळून जातं. नदी येते ती राहते. मग चिपला तेच सांगायचं: पहिल्या खुणेवर विश्वास ठेवू नको. थांब, पुन्हा बघ, पाणी आहे? अजून आहे? मधेच गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. चांगलं मिनिटभर सलग राहिलं तरच वाज. संध्याकाळी तिने आप्पांच्या पूजेच्या ताम्हनात तारा ठेवून पळी-पळीने पाणी सोडून पाहिलं. बझर गप्प. मग तपेलीत बुडवून ठेवल्या. मिनिट भरलं. वाजला. आप्पा म्हणाले, "आता याला कळायला लागलं."

दुसऱ्या सकाळी म्हातारीने तीन लोटे घातले तरी बांबू मुका. ती खट्टू होऊन म्हणाली, "आज महाराज नाराज हैं." लल्लन गुरू आपल्या चौकीवर गडगडाटी हसले. बायकांनी पूजा काही थांबवली नाही, आणि केतकीने शेंदूर काही पुसला नाही. कुणाचंच बिघडत नव्हतं.

मला त्या दिवसांतल्या घाटाचं सगळं आठवतं. पाण्यावरून येणारा तो जड, गार वारा, पायऱ्यांवर साचलेला निसरडा गाळ, पलीकडे रामनगरचा किल्ला ढगांत अर्धा बुडालेला, आणि गाळात अनवाणी उभी, ओढणी कमरेला खोचलेली केतकी, तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून डबा बंद करते आहे. मी तीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवलं. प्रयोग म्हणजे काय ते मी त्या एका भाद्रपदात पाहिलं. माझ्या पिढीतल्या मुलींना कुणी असं गाळात उभं राहू दिलं असतं तर किती जणींचं काय झालं असतं, या विचाराने आजही माझा जीव तळमळतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिच्या शाळेतल्या मॅडमनी प्रोजेक्ट पाहिलं. बाई प्रेमळ होत्या. म्हणाल्या, "बेटा, मिनट भर कौन रुकेगा? कल के लिए वेटिंग हटा दो. पानी डाला, बजा. जज खुश." केतकीने घरी येऊन हे मला सांगितलं. मी विचारलं, काय ठरवलंस? ती म्हणाली, "आत्या, वेटिंग काढलं तर ते प्रोजेक्टच राहत नाही ना. मग तर अर्घ्यालाही वाजेल." पुढे म्हणाली, "जज लोग तर इंजिनियर असतात. त्यांना समजेल." ते वाक्य आठवलं की मला अजून भडभडून येतं. किती भरवसा होता तिला मोठ्या माणसांवर.

प्रदर्शन रामनगरला एका कॉलेजात होतं. बाढीमुळे नावा बंद, म्हणून आम्ही ऑटोत बांबू आडवा घालून पुलावरून गेलो. बांबूचं एक टोक बाहेर, त्याला सावधगिरीचा लाल रुमाल. मोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा. आमच्या शेजारी 'स्मार्ट घाट' नावाचं मॉडेल: थर्माकोलच्या पायऱ्या, निळ्या काचेची गंगा, आणि आरतीच्या दिव्यांच्या जागी पळते रंगीत दिवे. फारच देखणं. खाली दुकानाचं लेबल अर्धवट खरवडलेलं. त्याच्यामागे उभ्या मुलाला मी हळूच विचारलं, हे दिवे पळतात कसे रे? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "आंटी, पीछे स्विच है." बिचाऱ्याला तेवढंच सांगितलं होतं. त्याला डबा खोलून द्या, एक दिवा जाळू द्या, एक बटण थरथरू द्या, तोही शिकला असता. त्याचं शिकणं कुणीतरी दुकानात विकत घेऊन टाकलं होतं.

परीक्षक आले. तिघे होते, बोलणारा एकच. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर बिल्ला. केतकीने बोलायला सुरुवात केली, तर तो मधेच म्हणाला, "हाँ हाँ, वॉटर अलार्म. बजाओ." तिने तारा बादलीतल्या पाण्यात सोडल्या आणि म्हणाली, "सर, थोड़ा रुकना पड़ेगा. ये लोटे के पानी और नदी के पानी में फ़र्क करता है, इसलिए..." तो बादलीकडे बघत होता. बझर गप्प. त्याने घड्याळात पाहिलं. "चलता नहीं है क्या?" "सर, चलेगा, बस एक मिनट, मैं बताती हूँ क्यों..." "किसने बनाया है, पापा ने?" "मैंने, सर." तो हसला आणि बाकीच्या दोघांना म्हणाला, "हर साल कोई न कोई वॉटर अलार्म ले आता है." तिघेही पुढे सरकले. स्मार्ट घाटासमोर थांबले, दिवे पळाले, 'वाह' झालं, फोटो झाला. ते त्याच्याही पुढच्या टेबलापाशी पोचले, आणि मागे, रिकाम्या जागेसमोर, केतकीचा बझर वाजला. स्वच्छ, ठणठणीत, ठरलेल्या वेळेला. हॉलभर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "अब बोला!" परीक्षक मान वळवून म्हणाला, "रिएक्शन टाइम बहुत खराब है," आणि त्यावर आणखी हशा.

खराब! ज्या थांबण्यासाठी त्या मुलीने रात्रंदिवस डोकं घातलं, जे तिच्या सगळ्या कामाचं मर्म होतं, तेच त्या माणसाने दोष म्हणून लिहून टाकलं. एक मिनिट! अहो, या शहरात माणसं पानवाल्यापाशी अर्धा अर्धा तास उभी राहतात. कचोरीची कढई तापेपर्यंत थांबतात. हा मनुष्य मुलांचं काम बघायला म्हणून आला होता, त्याला दुसरं कामच नव्हतं, आणि त्याला एक मिनिट नव्हतं. मी त्याच्यामागे गेले. म्हटलं, आपने पूरा देखा नहीं. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "माताजी, बच्चों को हारना भी सीखना चाहिए." माझ्या तोंडून काय गेलं असतं सांगता येत नाही, पण केतकीने माझा हात धरला. "आत्या, चल ना. प्लीज."

परतीच्या ऑटोत ती बांबू मांडीवर आडवा धरून बाहेर बघत होती. पुलाखालून गढूळ पाणी वेगाने चाललेलं. मध्येच म्हणाली, "एक मिनिट जास्त होतं का गं?" मी हात पुढे करून बांबूचं दुसरं टोक धरलं. उत्तर दिलं असतं तर रडले असते.

घरी माधव वाट बघत ओसरीवर बसला होता. आमचे चेहरे बघून समजला. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण तो म्हणाला, "जाऊ दे बेटा. ठरलं होतं ना आपलं? आता दहावीत लक्ष घाल. कॉमर्समध्येही खूप स्कोप आहे." केतकीने मान डोलावली, तशीच, जशी पहिल्यांदा डोलावली होती. मी उसळले. म्हटलं, माधव, त्यांनी पाहिलंच नाही, मध्येच उठून गेले! तो म्हणाला, "ताई, जगात परीक्षक असेच असतात. त्यांच्यापुढे जे टिकतं तेच खरं. आपण घरी बसून चांगलं म्हणण्याला काय अर्थ आहे?"

तेव्हा झोपाळ्याची करकर थांबली. आप्पा उठून बसले. "मध्येच उठले?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. "पुरतं ऐकलं नाही?" नाही, म्हटलं. आप्पांनी स्वतः काशीतल्या किती तरी पाठशाळांत परीक्षा घेतल्या होत्या. घनपाठाच्या परीक्षेत परीक्षक सकाळी मांडी घालून बसतो तो विद्यार्थ्याचं म्हणून होईपर्यंत उठत नाही. पाय बधिर झाले तरी नाही. ते माधवला म्हणाले, "मधेच उठला त्याला आम्ही परीक्षक म्हणत नाही. म्हणजे हिची परीक्षा अजून व्हायची आहे. तू बाप आहेस, तू घे. केतकी, तपेली आण पाण्याची."

तिने तपेली आणली, तुपाचा डबा बाजूला ठेवला, वायरी तपासल्या. माधव म्हणाला, "आप्पा, मला ठाऊक आहे ते वाजतं." आप्पा म्हणाले, "बस." तो बसला. तिने तारा पाण्यात सोडल्या.

गल्लीतून एक सायकल गेली. लांब घाटाकडून कुणाची तरी हाक आली. माधवचा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला आणि आप्पांनी बोटाने झोपाळ्याच्या फळीवर टकटक केली. हात परत आला. माधव लहानपणी याच जागी, याच टकटकीपुढे बसला होता. मंत्र अर्धे सोडून शाळेकडे पळाला होता तो. त्याने प्रथमच नीट, खाली वाकून त्या बोर्डाकडे पाहिलं, मग वायरींकडे, मग शेंदराचे डाग पडलेल्या बांबूकडे, आणि मग पोरीच्या पायांकडे. घोट्यांपर्यंत वाळलेला गाळ होता. मिनिट किती मोठं असतं, हे त्या दिवशी मला कळलं. एवढ्या वेळात माणूस आपल्या मुलीला ओळखू शकतो. आणि एवढा वेळ तिला कुणी देत नाही, ही माझी या जगाबद्दलची तक्रार आहे.

बझर वाजला. केतकीने तो बंद केला नाही. वाजू दिला.

"आता बोल," आप्पा माधवला म्हणाले.

माधवने चष्मा पुसला. मग उठला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांबू खांद्यावर घेतला. "पाणी चढतंय म्हणतात," तो केतकीला म्हणाला, "हा कुठल्या पायरीवर लावायचा ते दाखव मला." बापलेक घाटाकडे गेली. पुढल्या उन्हाळ्यात ती पॉलिटेक्निकला गेली, आणि त्याबद्दल घरात पुन्हा कधी चर्चा झाली नाही.

आता केतकी पुण्याला पाण्याच्या पंपांची यंत्रणा बनवणाऱ्या कारखान्यात आहे. आप्पा नाहीत. लल्लन गुरूंची चौकी मात्र आहे, आणि बांबूही, आणि त्याचा शेंदूर आता बोटभर जाड झालाय.

गेल्या वर्षी एका शाळेने मला परीक्षक म्हणून बोलावलं. एका टेबलापाशी दोन वेण्या घातलेली मुलगी मातीच्या कुंडीत तारा खोचून उभी होती. म्हणाली, "मैम, मिट्टी सूखेगी तो बत्ती जलेगी, ये थोड़ा टाइम लेता है." मागून संयोजक म्हणाले, "मैडम, आगे चलिए, चाय ठंडी हो रही है." मी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. माझ्यामागे परीक्षकांची रांग खोळंबली. तिची माती सुकायला, दिवा लागायला किती वेळ गेला मी पाहिलं नाही. दिवा लागला तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढच्या टेबलाशीही खुर्ची ओढली, आणि त्याच्या पुढच्याही. संध्याकाळी हॉलचे दिवे मालवायला आले तेव्हा माझी एक रांग शिल्लक होती.

यंदा त्यांनी मला बोलावलेलं नाही.